पेट्रोल गाडीसाठी योग्य पेट्रोल कसं निवडावं: इथेनॉल, ऑक्टेन आणि पंपावरची तपासणी

पंपावर गाडी थांबली की भरणारा मुलगा विचारतो, "साधं की प्रीमियम?" बहुतेक जण सवयीने काहीतरी सांगून मोकळे होतात. या प्रश्नाचं उत्तर गाडी बनवणाऱ्या कंपनीने आधीच देऊन ठेवलेलं असतं. आपल्याला तीन गोष्टी बघायच्या असतात, आणि त्याही याच क्रमाने: गाडीला किती इथेनॉल सोसतं, इंजिनाला किमान किती ऑक्टेन (म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याची पेट्रोलची क्षमता) लागतो, आणि त्या पंपावरचं पेट्रोल स्वच्छ आहे का. पहिल्यात चूक झाली तर रबर आणि धातू खराब होतात, दुसऱ्यात पिस्टन मार खातो, तिसऱ्यात गाडी भर रस्त्यात बंद पडते. किंमत या तिन्हींच्या नंतर येते.

आधी टाकीचं झाकण उघडा

पेट्रोल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला बहुधा स्टिकर असतो. त्यावर ई१०, ई२०, अनलेडेड, रॉन ९१ असं काहीतरी छापलेलं असतं. 'ई'पुढचा आकडा म्हणजे पेट्रोलमध्ये जास्तीत जास्त किती टक्के इथेनॉल चालेल ते. 'रॉन'पुढचा आकडा म्हणजे किमान ऑक्टेन. पहिला आकडा ओलांडायचा नाही आणि दुसऱ्याच्या खाली उतरायचं नाही, एवढं ध्यानात ठेवलं तरी निम्मं काम झालं.

स्टिकर नसेल तर गाडीसोबत आलेल्या पुस्तिकेत इंधनाचं पान शोधा. जुनी गाडी विकत घेताना पुस्तिका मिळालेली नसते. अशा वेळी आरसी बुकावरचा चेसिस नंबर घेऊन कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला ईमेल करा आणि दोन प्रश्न वेगवेगळे विचारा. एक, या गाडीच्या इंधनाच्या नळ्या, पंप आणि गॅस्केट ई२०ला टिकतात का? दोन, इंजिनाचं ट्युनिंग कोणत्या पेट्रोलसाठी केलेलं आहे? तोंडी विचारलं तर दोन्हींचं मिळून एकच "हो, चालतं" ऐकायला मिळतं आणि पुढे त्याचा उपयोग होत नाही. उत्तर लेखी घ्या.

इथेनॉल: गाडीचं वर्ष बघा

आज साधं पेट्रोल म्हणून जे मिळतं ते ई२० आहे, म्हणजे २० टक्के इथेनॉल आणि ८० टक्के पेट्रोल. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी ते निवडक पंपांवर सुरू झालं आणि २०२५ पर्यंत देशभर पोचलं. त्यातलं इथेनॉल साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीतून, उसाच्या रसापासून आणि मळीपासून येतं. मका आणि तांदूळही वापरले जातात.

एप्रिल २०२५ पासून बनलेल्या गाड्यांचे भाग आणि ट्युनिंग दोन्ही ई२०साठी आहेत. तुमची गाडी यात बसत असेल तर हा भाग सोडून पुढे गेलात तरी चालेल. एप्रिल २०२३ ते मार्च २०२५ मधल्या गाड्यांचे भाग ई२०ला टिकतात, ट्युनिंग मात्र बहुधा ई१०चं आहे. त्यामुळे ॲव्हरेज थोडं उतरतं, पण नुकसान होत नाही. त्याआधीच्या इंजेक्शनच्या, म्हणजे इंजेक्टरने पेट्रोल फवारणाऱ्या, गाड्या साधारणपणे ई१० गृहीत धरून बनवलेल्या आहेत. काही कंपन्यांनी आपल्या जुन्या मॉडेलांचे भागही ई२०ला टिकतात असं जाहीर केलं आहे, म्हणून वरचा ईमेल या गटासाठी सर्वांत महत्त्वाचा. आणि इंजेक्टरऐवजी कार्ब्युरेटरमध्ये हवा-पेट्रोल मिसळणाऱ्या जुन्या गाड्या, म्हणजे पद्मिनी, ॲम्बेसेडर, जुनी मारुती ८००, यांच्या रबराचा इथेनॉलशी कधी संबंधच आला नव्हता. त्यांना खरी काळजी लागते.

ॲव्हरेज का उतरतं हे साध्या हिशेबातून कळतं. एक लिटर इथेनॉलमध्ये एक लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. वीस टक्क्यांचा एक तृतीयांश म्हणजे साधारण साडेसहा टक्के. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातही, शुद्ध पेट्रोलसाठी बनवलेल्या आणि ई१०ला ट्युन केलेल्या चारचाकीत ६ ते ७ टक्के घट धरली आहे. म्हणजे १५ देणारी गाडी १४ वर येईल. ती १५ वरून ११ वर आली असेल तर दोष एकट्या इथेनॉलवर टाकू नका. टायरमधली हवा, एअर फिल्टर, ऑक्सिजन सेन्सर, चिकटलेला ब्रेक, उघडाच राहिलेला थर्मोस्टॅट हे सगळं आधी तपासून घ्या. इथेनॉलला दोष देत बसल्यामुळे महिनोन्‌महिने चिकटलेल्या ब्रेकवर धावणाऱ्या गाड्या गॅरेजला येतात, हे वाईट आहे.

२०२३ आधीच्या गाडीत ई२० भरत असाल तर वर्षातून दोनदा नळ्या बघा. इंजिन पूर्ण थंड असताना बोनेट उघडा आणि इंधनाची रबरी नळी अंगठा आणि तर्जनीत धरून दाबा. चांगली नळी सोडताच आपल्या आकाराला येते. बिघडलेली नळी मऊ, किंचित फुगलेली लागते, बोटाला चिकटते; किंवा उलट कडक होते आणि वळणावर केसासारख्या भेगा दिसतात. क्लिपच्या कडेला ओलसर काळपट कडं दिसलं, किंवा रात्रभर उभ्या गाडीजवळ सकाळी पेट्रोलचा वास आला, तर त्याच दिवशी नळी बदला. नवी घेताना एसएई जे३०आर९ असं छापलेली मागा. साधी पाण्याची किंवा हवेची नळी लावू देऊ नका. क्लिपही गुळगुळीत पट्टीचा लावा, भोकांच्या पट्टीचा क्लिप रबर कापतो.

जुन्या टाकीत वर्षानुवर्षं बसलेला गाळ इथेनॉलमुळे सुटतो आणि फिल्टरला जाऊन बसतो. त्यामुळे पहिल्या काही टाक्यांनंतर पिकअप कमी झाला तर फिल्टर बदलून बघा. ज्या गाड्यांचा फिल्टर टाकीतल्या पंपासोबतच असतो तिथे हे काम मेकॅनिकचंच आहे.

पेट्रोलमध्ये किती इथेनॉल आहे, घरी कसं बघायचं

कार्ब्युरेटरवाल्यांना ही चाचणी फार उपयोगी पडते, कारण अमुक नावाचं महाग पेट्रोल म्हणजे बिनइथेनॉलचं असं गृहीत धरून चालत नाही. उघड्यावर, सावलीत, आगीपासून लांब बसा. बुचाचं १०० मिलीचं काचेचं मोजपात्र घ्या. त्यात बरोबर ५० मिली पाणी ओता. पाण्यात थेंबभर खायचा रंग टाकला तर रेघ स्पष्ट दिसते. वर १०० च्या खुणेपर्यंत पेट्रोल ओता. बूच लावून मिनिटभर सावकाश उलटं-सुलटं करा, मधूनमधून बूच सैल करून वाफ सोडा. दहा मिनिटं पात्र हलवू नका.

इथेनॉल पेट्रोल सोडून पाण्यात उतरतं, म्हणून खालचा थर वाढतो. रेघ ५० वरच राहिली तर इथेनॉल नाही. ५५ च्या आसपास गेली तर सुमारे १० टक्के, ६० च्या आसपास गेली तर सुमारे २० टक्के. हे ढोबळ मोजमाप आहे, पण ई१० आणि ई२० यांतला फरक त्यात नक्की दिसतो. ते पेट्रोल पुन्हा गाडीत ओतू नका आणि मोरीतही नाही. गॅरेजच्या टाकाऊ इंधनाच्या डब्यात द्या.

ऑक्टेन म्हणजे ताकद नव्हे

सगळ्यात जास्त पैसे या एका गैरसमजावर वाया जातात. ऑक्टेन म्हणजे दाबाखाली आपोआप न पेटण्याची पेट्रोलची चिवटता. सिलिंडरमध्ये हवा आणि पेट्रोल दाबलं जातं, प्लगची ठिणगी पडते आणि ज्योत एका बाजूने पसरत जाते. ऑक्टेन कमी पडला तर ज्योत पोचण्याआधीच दुसऱ्या कोपऱ्यातलं मिश्रण स्वतःहून भडकतं. दोन धक्के आपटतात, तेच नॉकिंग.

त्याचा आवाज घाटात ऐकू येतो. गाडी भरलेली, एसी चालू, चौथ्या गिअरमध्ये वेग उतरलेला आणि पाय जोरात दाबलेला असला की पत्र्याच्या डब्यात खिळे हलवल्यासारखी बारीक टिकटिक सुरू होते आणि पाय उचलताच थांबते. कधीतरी क्षणभर झाली तर खालच्या गिअरमध्ये या, पुरे. पण रोज होत असेल तर पिस्टन आणि रिंगा खराब होतात.

आजच्या इंजिनात नॉक सेन्सर असतो. आवाज यायला लागताच तो ठिणगीची वेळ मागे सारून इंजिन वाचवतो, पण त्यात ताकद आणि ॲव्हरेज दोन्ही जातात. म्हणून ज्या टर्बो किंवा जास्त दाबाच्या इंजिनाच्या पुस्तिकेत ९५ मागितलं आहे, तिथे ९५ दिल्यावर फरक खरोखर जाणवतो. ज्या साध्या इंजिनाला ९१ पुरतं, त्यात ९७ किंवा १०० घालून वाढीव चिवटतेचा काहीच उपयोग होत नाही. भारतीय मानकात ई२०चा किमान ऑक्टेन ९५ आहे, कारण इथेनॉलचा स्वतःचा ऑक्टेन बराच वरचा असतो. त्यामुळे 'साधं म्हणजे ९१' हे समीकरण आता जुनं झालं. १०० ऑक्टेन कोणाला? पुस्तिकेत ९७-९८ लिहिलेल्या आयात किंवा स्पोर्ट्‌स गाड्यांना.

अमेरिकेतल्या मराठी मंडळींचा इथे गोंधळ होतो. तिकडच्या पंपावरचा ८७ हा रॉन आणि मॉन या दोन मोजणींचा सरासरी आकडा असतो. आपल्या रॉनमध्ये तो साधारण ९१-९२ भरतो. आखातातले ९१, ९५, ९८ मात्र आपल्यासारखेच रॉनचे आहेत.

योग्य पेट्रोल भरूनही टिकटिक येत असेल तर एक टाकी वरच्या ऑक्टेनची भरून बघा. आवाज गेला तर सिलिंडरमध्ये कार्बन साठला असेल, चुकीचे प्लग लागले असतील किंवा इंजिन जास्त तापत असेल. आवाज तसाच राहिला तर सायलेन्सरवरचा उष्णतारोधक पत्रा सैल झालाय का ते हात लावून, अर्थात थंड असताना, हलवून बघा. तो हुबेहूब तसाच वाजतो.

प्रीमियम परवडतं का, हिशेब

समजा साधं १०४ रुपये आणि प्रीमियम ११२ रुपये. फरक ७.७ टक्क्यांचा. १५ ॲव्हरेज देणाऱ्या गाडीने प्रीमियमवर किमान १६.१५ दिलं तरच पैसे वसूल. तपासायचं तर एकाच पंपावर, एकाच नोझलने, पहिल्यांदा आपोआप कट झाल्यावर भरणं थांबवून, टायरची हवा सारखी ठेवून सलग तीन टाक्या साध्याच्या आणि तीन प्रीमियमच्या चालवा. डॅशबोर्डवरच्या आकड्यावर विसंबू नका. किलोमीटर भागिले पावतीवरचे लिटर. प्रीमियममधली इंजेक्टर साफ ठेवणारी रसायनं उपयोगी असतात, पण त्यासाठी प्रत्येक टाकी महाग भरायची गरज नसते.

स्वस्त म्हणजे हलकं असंही नाही. सावंतवाडी-बांद्याकडची मंडळी पत्रादेवी ओलांडून गोव्यात टाकी भरून येतात, ती कराच्या फरकामुळे. पेट्रोल दोन्हीकडे बीएस-६ या प्रदूषण मानकाचंच, गंधक १० पीपीएमच्या (दहा लाखांत दहा भागांच्या) आत.

पंपावर काय मागायचं

फिल्टर पेपर, घनता आणि पाच लिटरचं माप या तिन्ही चाचण्या मागणं तुमचा हक्क आहे.

फिल्टर पेपरसाठी आधी नोझलचं तोंड पुसून घ्या, नाहीतर तिथलाच मळ कागदावर येतो. एक थेंब टाका आणि दोन मिनिटं थांबा. शुद्ध पेट्रोल उडून जातं. पेट्रोलच्या रंगाची फिकट गुलाबी छटा राहिली तर काळजी नाही. तेलकट किंवा गडद डाग राहिला तर रॉकेल, डिझेल यांसारखं जड काहीतरी मिसळलेलं असण्याची शंका घ्या. नॅफ्थासारखी हलकी भेसळ यात सापडत नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

त्यासाठी घनता, म्हणजे एक घनमीटर पेट्रोलचं किलोतलं वजन. पंप टँकर रिकामा करताना घनता नोंदवतो आणि रोज सकाळी पुन्हा मोजतो. ५०० मिलीच्या जारमध्ये हायड्रोमीटर आणि थर्मामीटर सोडून आलेलं वाचन तक्त्यावरून १५ अंश तापमानाला फिरवायचं असतं. हा टप्पा गाळला तर आकडे निरर्थक होतात: ३२ अंशाला ७३० दिसलेलं पेट्रोल १५ अंशाला सुमारे ७४५ भरतं. नोंदवलेल्या घनतेपासून ३ एककांपर्यंतचा फरक चालतो. नोंद ७४८ आणि आज ७४४ असेल तर खुलासा मागा. पेट्रोल ७२० ते ७७५ च्या दरम्यान कुठेही असू शकतं, त्यामुळे दुसऱ्या पंपाच्या आकड्याशी तुलना करू नका.

मापाचा संशय आला तर वैधमापनशास्त्र विभागाचा शिक्का असलेलं पाच लिटरचं माप मागा. ते एकदा भरून रिकामं करून ओलं करायचं, मग मोजायचं. २५ मिलीपर्यंतची तूट नियमात बसते.

पावसाळा, साठवण आणि घरगुती उपाय

इथेनॉल पाणी ओढून घेतं. थोडं पाणी ते स्वतःत मुरवतं, पण मर्यादा ओलांडली की इथेनॉल आणि पाणी मिळून पेट्रोलपासून वेगळे होतात आणि टाकीच्या तळाशी, नेमके पंपाच्या जाळीपाशी, जमतात. गाडी आचके देते, सकाळी सुरूच होत नाही. कोकणातल्या पावसात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी निम्मी रिकामी ठेवू नका, कारण रिकाम्या जागेतली दमट हवा रात्री गार पडून थेंब धरते. झाकणाचा रबरी वॉशर तडकलेला असेल तर तो आधी बदला. मुसळधार पावसात पाणी साचलेल्या पंपावर, किंवा टँकर नुकताच रिकामा होत असताना, भरणं टाळा. तीन महिन्यांहून जुनं पेट्रोल टाकीत ठेवू नका.

नेहमी रिझर्व्हवर चालवणंही वाईट. टाकीतला पंप पेट्रोलमध्ये बुडूनच थंड राहतो. पाव टाकीच्या खाली जाऊ देऊ नका.

पेट्रोलमध्ये डांबरगोळ्या टाकल्या की ॲव्हरेज वाढतं, असं अजून सांगितलं जातं. त्या विरघळतात खऱ्या, पण नंतर फिल्टरमध्ये आणि इंजेक्टरच्या तोंडाशी थर धरतात. रॉकेलने ऑक्टेन पडतो आणि काजळी धरते. दोन्ही अजिबात करू नका.

भरताना

इंजिन बंद, सिगारेट नाही. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते आणि उणे ४० अंशालाही पेट घेऊ शकते. नोझल आपोआप कट झाल्यावर "राउंड फिगर करा" म्हणू नका. वरचं पेट्रोल वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात जातं आणि तो बदलणं महागात पडतं. उन्हाळ्यात कंपनीने ठरवलेल्या क्षमतेपर्यंत टाकी भरायला भीती नाही, फुगायला जागा आत ठेवलेली असते. पाण्याच्या बाटलीत पेट्रोल घेऊ नका. धातूचा कॅन गाडीच्या डिकीत ठेवून भरू नका. खाली जमिनीवर ठेवून भरा, म्हणजे स्थिर वीज साठत नाही.

चुकीचं इंधन पडलं तर

नोझलवरचं नाव आणि पडद्यावरचं शून्य, दोन्ही स्वतः बघा. मार्च २०२४ पासून महाराष्ट्रातल्याही काही पंपांवर 'इथेनॉल १००' मिळतं. ते फक्त फ्लेक्स-फ्युएल, म्हणजे जास्त इथेनॉलवरही चालतील अशा बनवलेल्या, गाड्यांसाठी आहे, साध्या गाडीत चालत नाही.

डिझेल किंवा इथेनॉल १०० पडलं असेल तर चावी फिरवू नका, 'ऑन'लाही नेऊ नका. बऱ्याच गाड्यांत चावी 'ऑन'ला गेली की पंप लगेच सुरू होतो आणि चुकीचं इंधन नळ्यांत जातं. गाडी न्यूट्रलमध्ये ढकलून बाजूला घ्या आणि टोइंग करून गॅरेजला न्या. टाकी रिकामी करणं एवढ्यावर भागतं. गाडी सुरू केली असेल तर नळ्या, फिल्टर, प्लग आणि इंजेक्टर साफ करणं आलं. डिझेलवर तशीच दामटली तर पांढरा धूर निघतो आणि धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर बाद होऊ शकतो.

भेसळीचा किंवा पाण्याचा संशय असेल तर पावती जपून ठेवा आणि पंपाच्या तक्रारवहीत तारीख, वेळ आणि नोझल नंबर लिहा; त्या पानाचा फोटो घ्या. मेकॅनिक टाकी रिकामी करेल तेव्हा दोन स्वच्छ, कोरड्या, घट्ट झाकणाच्या धातूच्या डब्यांत एकेक लिटर नमुना काढून घ्या, त्यावर चिठ्ठी चिकटवा आणि डबे घराबाहेर, सावलीत ठेवा. मग तेल कंपनीकडे लेखी तक्रार करा. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. मेकॅनिककडून दुरुस्तीच्या बिलावर 'टाकीत पाणी आढळले' किंवा जे दिसलं ते स्पष्ट लिहून घ्या, आणि किती लिटर काढलं तो आकडाही.